विश्लेषण : गरोदरपणात तळहात-तळपायांना खाज… दुर्लक्ष का करू नये?

गरोदरपणात पोट वाढते, त्वचा ताणली जाते आणि खाज सुटते. खोबरेल तेल लावले की अनेकींना आराम पडतो. मात्र अंगावर पुरळ नसताना तळहात-तळपाय खाजून रात्रीची झोप उडत असेल, तर रक्त तपासायला हवे. कारण दुखणे त्वचेचे नसून यकृताचे असू शकते.

कोणती खाज साधी?

शेवटच्या काही आठवड्यांत पोटावरच्या ताणाच्या रेषांमध्ये लालसर, खाजरे पुरळ उठू शकते. पहिलटकरणींमध्ये आणि जुळी बाळे असताना ते अधिक दिसते. बेंबीभोवतीचा भाग सहसा मोकळा राहतो. याने बाळाला धोका नसतो आणि बाळंतपणानंतर ते जाते. बेंबीभोवती पुरळ येऊन फोड आले, तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवावे.

‘पित्त उठणे’ आणि हा आजार एकच का?

नाही. अंगावर गांधी आल्या की आपण ‘पित्त उठले’ म्हणतो आणि आमसुलाचे पाणी लावतो. ती ॲलर्जी असू शकते. तिचा यकृतातील पित्ताशी संबंध नसतो. ‘कोलेस्टॅसिस’मध्ये उलटे घडते. गरोदरपणातील हार्मोन्समुळे काही जणींच्या यकृतातून पित्ताचा प्रवाह मंदावतो, रक्तात पित्ताम्ले साठतात आणि खाज सुटते. ओरखड्यांशिवाय त्वचेवर काही दिसत नाही. त्रास बहुधा शेवटच्या तिमाहीत सुरू होतो. काहींना गडद लघवी किंवा कावीळही होते.

बाळाला किती धोका?

‘द लॅन्सेट’मध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पोटात एकच बाळ असताना पित्ताम्ले ४० मायक्रोमोल प्रतिलिटरपेक्षा कमी असतील, तर बाळ पोटात दगावण्याचे प्रमाण ०.१३ टक्के होते. पातळी १०० किंवा त्याहून अधिक असताना ते ३.४४ टक्क्यांवर गेले. म्हणून नेमका आकडा कळणे महत्त्वाचे. ब्रिटनमध्ये साधारण १४० गर्भवतींपैकी एकीला हा आजार होतो. तेथील भारतीय आणि पाकिस्तानी वंशाच्या महिलांत प्रमाण सुमारे दुप्पट आहे.

कोणत्या चाचण्या, काय उपचार?

‘बाइल ॲसिड’ आणि ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ या रक्ताच्या दोन चाचण्या लागतात. पहिला अहवाल नॉर्मल आला, पण खाज थांबली नाही, तर चाचणी पुन्हा करावी लागते; खाज आधी आणि रक्तातील बदल नंतर, असेही होते. ‘अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड’ हे औषध अनेकदा दिले जाते. मात्र २०१९ च्या ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत त्याने बाळाचा धोका कमी झाल्याचे दिसले नाही. त्यामुळे पातळीवर लक्ष ठेवणे आणि प्रसूतीची वेळ ठरवणे, हाच मुख्य उपाय. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांनुसार, पातळी १०० वर गेल्यास ३५ ते ३६ आठवड्यांत प्रसूतीचा विचार होतो.

घरी काय लक्षात ठेवावे?

खाज नेमकी कुठे, कधीपासून आणि रात्री वाढते का, हे डॉक्टरांना सांगा. ॲलर्जीची गोळी मनाने घेऊ नका. बाळाची हालचाल कमी वाटली, तर पुढच्या तपासणीची तारीख न पाहता तडक रुग्णालय गाठा. बाळंतपणानंतर खाज थांबते, पण पुढच्या गरोदरपणात त्रास परतण्याची शक्यता बरीच असते. त्यामुळे जुने अहवाल जपून ठेवा.