अंगठा उठवण्याआधी

तालुक्याच्या कोर्टाबाहेर कधीही जा. झाडाखाली टेबल, टेबलावर टायपिंगचे यंत्र किंवा संगणक, शेजारी नोटरीचा शिक्का. इथे अर्ध्या तासात नवरा-बायकोची सोडचिठ्ठी तयार होते. पूर्वी ती शंभराच्या स्टॅम्पवर होई. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने अशा कागदांसाठी पाचशेचा मुद्रांक केला, म्हणून आता पाचशेच्या स्टॅम्पवर होते. दोन्हीकडची चार-चार माणसे सह्या करतात, मुलीचा बाप भांडीकुंडी टेम्पोत भरतो आणि एकदाचे मोकळे झालो, असे म्हणत सगळे घरी जातात. प्रत्यक्षात कोणीही मोकळे झालेले नसते. कायद्याच्या दृष्टीने ते दोघे त्या संध्याकाळीही नवरा-बायकोच असतात.

आपल्या वस्त्यांमधून हा प्रकार सर्रास चालतो, म्हणून स्पष्ट लिहिणे भाग आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ हा त्याच्या कलम २ प्रमाणे बौद्धांनाही लागू आहे. त्या नावाबद्दल आपली नाराजी रास्त आहे, पण आज कोर्टात उभे राहायचे ते याच कायद्याखाली. या कायद्यात घटस्फोट देण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. नोटरीचा नाही, सरपंचाचा नाही, समाजाच्या बैठकीचाही नाही. कलम २९ मध्ये जातीच्या रूढीने होणाऱ्या काडीमोडीला एक फट ठेवली आहे, तिचाच आधार स्टॅम्प लिहिणारे सांगतात. परंतु अशी रूढी आहे हे जो म्हणेल त्यानेच ती पुराव्यानिशी सिद्ध केली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये बजावले आहे. आणि आपण कोणती रूढी सिद्ध करणार? ज्या रूढी १९५६ साली नागपुरात टाकून दिल्या त्या? स्त्रीला घटस्फोटाचा, वारशाचा हक्क देणारे हिंदू कोड बिल रखडले, हे १९५१ च्या राजीनाम्याचे एक मोठे कारण बाबासाहेबांनी स्वतः सांगितले होते. त्यांच्या अनुयायांच्या घरातली बाई स्टॅम्पवाल्याच्या टेबलावर हक्क सोडून येते, याला काय म्हणावे!

त्या कागदात काय लिहिलेले असते तेही पाहा. "आम्ही उभयता राजीखुशीने वेगळे राहत असून यापुढे पोटगी मागणार नाही." लिहिणाऱ्याला हे वाक्य तोंडपाठ असते. आता कायदा वाचा. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५, म्हणजे १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४. त्यात बायकोला पोटगीचा हक्क आहे, घटस्फोटितेलाही तिने दुसरे लग्न करेपर्यंत आहे. मात्र दोघे परस्परसंमतीने वेगळे राहत असतील तर पत्नीला पोटगी नाही, असे त्याच कलमात आहे. म्हणजे तो कागद घटस्फोट म्हणून चालत नाही, पण पोटगी अडवायला नवऱ्याचा वकील तोच पुढे करतो. पोटगीचा हक्क कायमचा सोडून दिल्याचा करार न्यायालये सहसा मानत नाहीत हे खरे, पण ते पटवून देण्यात बाईची वर्षे जातात.

पुढचे नुकसान दुसऱ्या बायकोचे. सोडचिठ्ठी झाली म्हणून नवरा दुसरे लग्न लावतो. पहिले लग्न कायम असल्याने दुसरे रद्दबातल ठरते, शिवाय तो गुन्हा होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ प्रमाणे सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नवरा नगरपालिकेत किंवा रेल्वेत असेल आणि मेला, तर वीस वर्षे त्याचा संसार केलेली बाई पेन्शनच्या खिडकीवरून परत येते. मुलांना कायदा औरस मानतो. आईला मानत नाही.

खरा रस्ता फार अवघड नाही. दोघांचे पटत नसेल आणि वर्षभर वेगळे राहत असतील, तर कलम १३-ब खाली संमतीचा अर्ज करता येतो. त्यानंतरची सहा महिन्यांची थांबण्याची मुदत योग्य प्रकरणात माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. पोटगी, मुलांचा ताबा, दागिने हे सगळे त्याच अर्जात लिहून घ्यावे. आणि पोटगीचा अर्ज "बघू, तडजोड होईल" म्हणत लांबवू नये. २०२० च्या निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. अर्जच नसेल तर ते महिने गेले.

दुसरा कागद ठेकेदार आणतो. स्लॅबवरून पडलेला, यंत्रात हात गेलेला मजूर सरकारी दवाखान्यात असतो. ठेकेदार फळे घेऊन येतो, पन्नास हजार उशाशी ठेवतो आणि "माझी काही तक्रार नाही" या कागदावर अंगठा घेतो. बरे, पन्नास हजार ही रक्कम आपल्या माणसाने एकरकमी कधी पाहिलेली नसते. त्याला हिशेब कोणी सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा. तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास मजुरीच्या ६० टक्क्यांना वयाच्या गुणकाने गुणायचे. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८. महिना बारा हजार मजुरी धरली तर रक्कम होते चौदा लाख सत्त्याण्णव हजार. एका हाताचा अंगठा तुटला तर कायद्याच्या परिशिष्टात ३० टक्के कमाईशक्ती गेली असे धरले आहे, म्हणजे याच माणसाला सुमारे साडेचार लाख. उपचाराचा खर्च वेगळा. ठेकेदार पळाला तर ज्याच्या कामासाठी ठेका होता तो मूळ मालक जबाबदार असतो. कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी संबंध दाखवता आला तर, आता यात धरला जातो. हा हक्क करार करून काढून घेता येत नाही, तेव्हा अंगठा दिला असेल तरी दावा करावाच. ज्यांचा ईएसआय कापला जातो त्यांनी मात्र ईएसआयकडेच जायचे असते.

टक्क्यांचा मोठा घोळ होतो. सिव्हिल हॉस्पिटल ४० टक्के लिहिते, आणि कामगार समजतो की भरपाईही तेवढीच. ओडिशातल्या एका सुताराचा डावा हात १९६८ च्या अपघातात गेला. मालक म्हणाला, अपंगत्व अंशतः आहे. सर्वोच्च न्यायालयाने विचारले ते एवढेच, की एका हाताने सुतारकाम होते का? होत नाही, म्हणून अपंगत्व पूर्ण धरले. रस्ते अपघातांच्या बाबतीत हेच तत्त्व २०१० मध्ये पुन्हा मांडले गेले. तेव्हा साक्ष देताना शरीर किती टक्के गेले यापेक्षा कोणते काम आता होत नाही ते सांगावे.

गटारात उतरणाऱ्यांचा हिशेब तर वेगळाच आहे. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूला ३० लाख, कायमच्या अपंगत्वाला किमान २० लाख आणि इतर अपंगत्वाला किमान १० लाख ठरवले. २०१३ च्या कायद्याने बंदी असलेले हे काम अजून कोणत्या जातीच्या माणसाला दिले जाते, ते वाचकांना सांगायला नको.

तिसरा कागद राजीनाम्याचा. सरकारी, पालिकेच्या किंवा महामंडळाच्या नोकरीत असताना पाय गेला, दृष्टी गेली की साहेब म्हणतात, "आता तुम्हाला झेपणार नाही, स्वेच्छेने लिहून द्या." लिहून देऊ नये. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चे कलम २०(४) सांगते की, नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही. त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते आणि जागा नसेल तर जादा पद ठेवावे लागते. साहेबाला हे कलम ठाऊक असते, म्हणूनच "स्वेच्छेने" हा शब्द तो आपल्या हाताने लिहवून घेतो.

वकिलाला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न उरतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. अनुसूचित जाती-जमाती, सर्व स्त्रिया, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध म्हणून नोंद असलेल्या अनुसूचित जातीच्या माणसालाही हा हक्क आहे. कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते, तालुक्याला समिती असते, दूरध्वनी क्रमांक १५१००. जाताना जातीचा दाखला, आधार, दवाखान्याची कागदपत्रे यांच्या झेरॉक्स न्याव्यात आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नये. मिळालेला वकील तारखेला येत नसेल किंवा पैसे मागत असेल, तर प्राधिकरणाच्या सचिवांना साध्या कागदावर लिहून द्यावे आणि वकील बदलून मागावा.