यादीत न मावलेली सिस्टर रोझेटा

'रोलिंग स्टोन' या संगीत-नियतकालिकाने 2003 मध्ये सर्वश्रेष्ठ 100 गिटारवादक निवडले, त्यांत सिस्टर रोझेटा थार्प नव्हती. चर्चच्या भक्तिगीतांना इलेक्ट्रिक गिटारची धार देणाऱ्या या कृष्णवर्णीय गायिकेने 1944 मध्येच रॉक अँड रोलचा ठेका ध्वनिमुद्रित केला होता, एल्व्हिसच्या पहिल्या तबकडीच्या दहा वर्षं आधी. वंश आणि बाईपण आड आलं, हे उघड आहे. पण मोजपट्टीही तोकडीच. याद्या करणारे कान अल्बमवर पोसलेले, आणि अख्खा अल्बम मावणारी एलपी तबकडी आली 1948 मध्ये. त्याआधीचं संगीत तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांत विखुरलेलं. मग एलपीआधीचाच ब्लूज गिटारवादक रॉबर्ट जॉन्सन याद्यांत कसा, असं कुणी विचारेल. तो 1938 मध्ये वारला. 1961 मध्ये त्याची गाणी एलपीवर आली, तेव्हा कुठे ब्रिटनच्या तरुण गिटारवादकांच्या हाती लागली. रोझेटाला 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये जागा मिळाली 2018 मध्ये, मृत्यूनंतर 45 वर्षांनी.