ट्रॅक्टर-मोटारीस जादा दिवे जोडताना घ्यावयाची खबरदारी

धानाचा हंगाम सुरू झाला की आमच्या गोंदिया जिल्ह्यातील शेतकऱ्यास दिवस पुरेनासा होतो. दिवाळीच्या आगेमागे हलके धान कापणीस येते, त्याच्या पाठोपाठ मध्यम व भारी धान तयार होते. आणि कापणी, बांधणी, पुंजणे रचणे, मळणी व आधारभूत खरेदी केंद्रापर्यंतची वाहतूक ही सर्व कामे एकदमच अंगावर येतात. साहजिकच ट्रॅक्टर रात्रीही चालवावा लागतो. त्याचे मूळचे दिवे रस्त्यापुरते असतात. मळणीयंत्राकडे पाठ करून उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या मागे खळ्यात अंधारच असतो. म्हणून कोणी मागे एक मोठा दिवा बसवितो, कोणी ट्रॉलीस तांबडे दिवे लावतो, कोणी जीपमध्ये मोबाइल भरण्याची वा फवारणीपंपाची बॅटरी भरण्याची सोय करून घेतो. ही गरज खरी आहे व तीबद्दल कोणास दोष देण्याचे कारण नाही. दोष आहे तो जोडणीच्या रीतीत. हाताशी येईल त्या तारेचे वेष्टन सोलावयाचे, तिला दुसऱ्या तारेचा पीळ द्यावयाचा, वर चिकटपट्टी गुंडाळावयाची आणि दिवा लागला की काम झाले असे समजावयाचे, ही रीत आपल्याकडे सर्रास आढळते. दिवा लागणे ही जोडणी बरोबर असल्याची खूण नव्हे, हे या लेखात आम्हांस सांगावयाचे आहे.

फ्यूज कोणाचे रक्षण करतो?

फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी असतो, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. फ्यूज हा तारेच्या रक्षणासाठी असतो. दिवा गेला तर शंभर-दोनशे रुपयांचे नुकसान होते. तार तापली तर तिचे वेष्टन वितळते, शेजारच्या तारा एकमेकींस चिकटतात आणि ट्रॅक्टर पेट घेतो. तो ट्रॅक्टर त्या वेळी तणसाने भरलेल्या खळ्यात, पुंजण्यापासून दहा पावलांवर उभा असेल तर वर्षाचे पीक व कर्जाचे यंत्र ही दोन्ही एकाच रात्री जातात.

कालव्याच्या उदाहरणाने ही गोष्ट लवकर ध्यानात येईल. इटियाडोहच्या कालव्याचे पाणी पाटात, पाटातून दांडात व दांडातून बांधीत जाते. एका बांधीपुरता खणलेला दांड थेट कालव्यास जोडून वर दार ठेवले नाही, तर दांड फुटणारच. आणि तो कोठे फुटेल हे आपल्या हाती राहत नाही. मोटारीतील बॅटरी ही कालव्यासारखी समजावी. तिचा दाब अवघा बारा व्होल्ट असल्यामुळे तिला हात लावला तरी झटका बसत नाही, म्हणून लोक तिला निरुपद्रवी मानतात. परंतु तिची दोन टोके एखाद्या तारेने सरळ जोडली गेली, तर तीतून शेकडो अँपिअर प्रवाह धावतो व बारीक तार काही क्षणांत लाल होते. फ्यूज म्हणजे अशा वेळी आपण ठरविलेल्या जागी मुद्दाम तुटणारा दुवा होय.

यावरून दोन नियम निघतात. पहिला असा की, फ्यूजचा आकडा त्यापुढील सर्वांत बारीक तारेच्या शक्तीहून मोठा असता कामा नये. दुसरा असा की, जेथे जाड तारेतून बारीक तार फुटते तेथेच, म्हणजे उगमापाशी, फ्यूज असला पाहिजे. दिव्याजवळ बसविलेला फ्यूज उगमापासून दिव्यापर्यंतच्या तारेचे मुळीच रक्षण करीत नाही.

फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याच्या जागी मोठा फ्यूज घालणे, किंवा घरच्या किटकॅटमध्ये जाड तार घालतात त्याप्रमाणे येथे तारेचा तुकडा वा सिगारेटच्या पाकिटातील चांदी घालणे, हे तर पहारेकऱ्यास हाकलून दार उघडे टाकण्यासारखे आहे. फ्यूज जातो याचा अर्थ कोठेतरी भार अधिक झाला आहे किंवा तार घासून उघडी पडली आहे. ते स्थळ शोधावे, फ्यूजवर राग काढू नये.

एक बोलके उदाहरण

नव्या गाडीस अशी बाधा होत नाही, असे कोणी म्हणेल. टाटा मोटर्सची नॅनो मोटार २००९ साली बाजारात आली. मार्च २०१० मध्ये मुंबईत एका अगदी नव्या नॅनोने रस्त्यातच पेट घेतला, व अशा आणखीही काही घटना घडल्या. कंपनीने चौकशी करविली आणि गाडीच्या रचनेत दोष नसून, त्या त्या गाडीत बाहेरून बसविलेली विजेची उपकरणे किंवा धूर जाण्याच्या नळीवर राहिलेली परकी वस्तू ही कारणे असल्याचे त्याच वर्षी जाहीर केले. तरीही पुढे तिने ग्राहकांच्या गाड्यांत, पैसे न घेता, धुराच्या नळीस अधिक संरक्षण व काही विद्युत्‌मार्गांत एक जादा फ्यूज बसवून देण्याची तयारी दाखविली. या निष्कर्षाविषयी कोणाचे काहीही मत असो. बाहेरची जोडणी व नळीवर पडलेला कचरा ही दोन कारणे तणसात वावरणाऱ्या आमच्या ट्रॅक्टरांस किती जवळची आहेत, हे सांगावयास नको.

हिशोब आधी, जोडणी मागून

दिव्यावर लिहिलेल्या वॅटच्या आकड्यास बाराने भागले म्हणजे अँपिअर निघतात. ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे लावावयाचे असल्यास ११० वॅट होतात व सुमारे ९.२ अँपिअर प्रवाह लागतो. फ्यूजवर त्याच्या आकड्याच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक भार सतत ठेवू नये. म्हणून येथे १० चा फ्यूज अपुरा पडेल व १५ चा योग्य ठरेल. याच कामास २७ वॅटचे दोन एलईडी दिवे घेतले तर साडेचार अँपिअरच पुरतात व ७.५ चा फ्यूज चालतो. बॅटरीवरील भारही निम्म्याने कमी होतो. नवा दिवा घेताना हे ध्यानात ठेवावे.

आता तारेचा विचार. १५ चा फ्यूज १५ अँपिअर होताच तुटतो असे नाही. सध्याच्या पात्याच्या फ्यूजमधून त्याच्या आकड्याच्या सव्वापट-दीडपटीच्या दरम्यान, म्हणजे १३५ टक्के प्रवाह गेला, तर तो पाऊण सेकंदात तुटेल किंवा दहा मिनिटेही टिकेल. मानकात तेवढी मुभा आहे. तितका वेळ तारेने न तापता दम धरला पाहिजे. म्हणून वरील दोन हॅलोजन दिव्यांस २.५ चौरस मिलिमीटरची, पुष्कळ पदरांची तांब्याची मोटार-वायर घ्यावी. घरकामाची एकपदरी तार ट्रॅक्टरच्या हादऱ्याने तुटते. जाड तारेचा आणखी एक लाभ आहे. पाच मीटर लांब व एक चौरस मिलिमीटरच्या तारेत ९.२ अँपिअर वाहताना सुमारे ०.८ व्होल्ट वाटेतच खर्च होतात, २.५ च्या तारेत ०.३ व्होल्टच्या आसपासच. हॅलोजन दिव्याचा उजेड व्होल्टपेक्षा पुष्कळ वेगाने घटतो, म्हणून बारीक तारेवरचा महागडा दिवाही मंद जळतो.

पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत : ५ फिकट तपकिरी, ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा वा पारदर्शक व ३० हिरवा. घरातील मुलांसही हे पाठ करवावेत.

फ्यूज-पेटीतून काय घ्यावे व काय घेऊ नये

फ्यूज-पेटीतून थोडी वीज मागावी, मोठी वीज बॅटरीपाशी मागावी, ही सर्व जोडणीची गुरुकिल्ली होय. पेटीतील प्रत्येक फांदीची तार कारखान्याने तिच्या कामापुरतीच घातलेली असते. मोबाइल भरण्याचे साधन किंवा लहानसा दिवा यांस पेटीतून वीज घेण्यास हरकत नाही. त्यासाठी फ्यूज-टॅप नावाचे साधन मिळते. मूळचा फ्यूज काढून त्या खाचेत ते बसवितात. त्यात दोन फ्यूज राहतात, एक मूळ कामाचा व दुसरा नव्या तारेचा. ते उलट बसले तर नव्या कामाचाही प्रवाह जुन्या फ्यूजमधूनच जातो व त्याच्यावर दुहेरी भार पडतो. म्हणून खाचेचे कोणते टोक बॅटरीकडचे आहे, हे चाचणी-दिव्याने आधी पाहून घ्यावे. किल्ली बंद असता कोणती खाच जिवंत असते व किल्ली फिरविल्यावर कोणती, हेही त्याच वेळी कळते. किल्लीबरोबर बंद होणारी खाच निवडावी, म्हणजे विसरलेल्या दिव्याने बॅटरी रात्रीत उतरणार नाही.

मोटारीत ब्रेक, इंजिनचा संगणक व एअरबॅग यांच्या फ्यूजांस कधीही हात लावू नये. एअरबॅगच्या तारांवर बहुधा पिवळे वेष्टन असते; ते दिसताच दूर राहावे.

खळ्यातील मोठ्या दिव्यांस रिले वापरावा. रिले म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे साधन; तलावाची मोरी जशी एका माणसाच्या हाताने उघडते, पण पाणी तलावातूनच येते, तसे हे आहे. त्यावर चार आकडे असतात. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली जाड तार, वीतभर अंतराच्या आतच १५ च्या फ्यूजमधून नेऊन, ३० या टोकास जोडावी. ८७ या टोकापासून तार दिव्यांकडे न्यावी. पेटीतील फ्यूज-टॅपपासून निघालेली बारीक तार बटणातून ८६ ला आणावी व ८५ सांगाड्यास जोडावे. रिलेच्या वेटोळ्यास पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह लागतो. त्यामुळे पेटीवर व बटणावर भार जवळजवळ पडतच नाही. दिव्याची दुसरी तार रंग व गंज खरवडून स्वच्छ केलेल्या लोखंडावर बोल्टने घट्ट आवळावी. उजेड लुकलुकण्याचे कारण बहुतेक वेळा येथेच सापडते.

प्रत्यक्ष काम

काम सुरू करण्यापूर्वी इंजिन बंद करून बॅटरीचे सांगाड्यास जोडलेले टोक प्रथम सोडवावे. हल्लीच्या ट्रॅक्टरांत ते ऋण टोक असते. काही फार जुन्या परदेशी ट्रॅक्टरांत मात्र धन टोक सांगाड्यास असे, म्हणून जुने यंत्र असल्यास तपासून पाहावे व वरील जोडणीतील धन टोकाच्या जागी सांगाड्यास न जोडलेले टोक समजावे. हा क्रम चुकल्यास पाना एकीकडे बॅटरीस व दुसरीकडे लोखंडास लागून ठिणगी उडते. आणि बॅटरीतून निघणारा वायू स्फोटक असतो. काम झाल्यावर हेच टोक सर्वांत शेवटी जोडावे.

तारेस पीळ देऊ नये. थिंबल दाबून बसवावे. पत्र्यातील भोकातून तार नेताना रबरी कडी घालावी. तार पन्हळी नळीत घालून सायलेन्सर, पंखा व डिझेलची नळी यांपासून दूर बांधावी. बांधीतील उंदीर तारा कुरतडतात, म्हणून हंगामाच्या आरंभी नळी उघडून एकदा पाहावी. शेवटी दिवे लावून पंधरा मिनिटांनी तार, फ्यूज व रिले यांस हात लावून पाहावा. कोमट लागल्यास चालेल, चटका बसल्यास कोठे तरी चूक आहे. सायलेन्सरजवळचा तणसाचा भुगा रोज झाडावा व कोरड्या पावडरचे अग्निशामक यंत्र ट्रॅक्टरवर ठेवावे.

रस्त्यावरचे कर्तव्य

खळ्यातील मोठा दिवा रस्त्यावर येताच बंद केला पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये वाहनाच्या पुढे शोधदिवा लावण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास प्रतिबंध केला आहे. हमीच्या मुदतीत असलेल्या यंत्रास विक्रेत्यास विचारल्यावाचून काही जोडू नये. विम्याच्या वेळीही अशी जोडणी वादाचे कारण होते.

उलट ट्रॉलीचे मागील तांबडे दिवे मात्र प्रत्येकाने लावलेच पाहिजेत. कोहमारा व देवरीवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर जड वाहने रात्रभर धावतात. त्यांच्या पुढे बिनदिव्याची, धानाने भरलेली ट्रॉली नेणे म्हणजे आपला व परक्याचा जीव पणास लावणे होय. ट्रॅक्टरच्या मागे सात टोकांचे सॉकेट असल्यास ट्रॉलीचे दिवे त्यातूनच जोडावेत, निराळी तार ओढू नये. आणि दिवा विझला तरी उपयोगी पडावी म्हणून तांबडी परावर्तक पट्टीही चिकटवावी.

या सर्व कामास लागणारे रिले, फ्यूज, थिंबल, नळी व तार हे साहित्य मळणीच्या एका दिवसाच्या मजुरीहून फारसे महाग नाही, आणि काम एका दुपारचे आहे. स्वतः करावयाचे नसेल त्याने मिस्त्रीकडून करवून घ्यावे. परंतु शेजारी उभे राहून दोनच प्रश्न विचारावेत : या तारेचा फ्यूज कोठे आहे, आणि तो कितीचा आहे? ज्या जोडणीस या दोन प्रश्नांचे उत्तर नाही, ती खळ्यात येऊ देऊ नये, अशी आमच्या शेतकरी बंधूंस आग्रहाची सूचना आहे.