पोटाचं दुखणं, बाईचं आणि बुवाचं

परवा 19 मेच्या जागतिक आयबीडी (आतड्याच्या दाहाचा आजार) दिनाच्या कार्यक्रमात एक तरुण डॉक्टर पडद्यावरचा तक्ता समजावता समजावता सहज बोलून गेले, ‘बायका तक्रारी जरा जास्तच करतात.’ सभागृह हसलं. मला ते झोंबलं.

डॉ. क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1932 मध्ये अमेरिकेत आतड्याच्या या दुखण्याच्या एका प्रकाराचं वर्णन केलं. पुढची सत्तरेक वर्षं पुस्तकातच राहू देत. माझी दुखण्याची वर्षं 2005 ते 2015. शौचावाटे रक्त जातंय म्हटलं, की पहिला प्रश्न पाळीचा, दुसरा बाळंतपणाचा. मग मूळव्याध म्हणायचं, लोहाच्या गोळ्या द्यायच्या आणि घरी पाठवायचं. कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीने तपासणी, कुणाला सुचेपर्यंत अंगात त्राण उरलं नव्हतं. निदान झालं अल्सरेटिव्ह कोलायटिसचं, म्हणजे आयबीडीच्याच दुसऱ्या प्रकाराचं. माझ्या पोटाची चौकशी डॉक्टर नवऱ्याकडे करत. स्टिरॉइडने तोंड सुजलं, तर सासरची मंडळी म्हणाली, ‘तब्येत मानवली हो!’ पाळीच्या दिवसांत जुलाब वाढतात, असं ओपीडीच्या बाकावर कितीतरी जणी सांगायच्या. केसपेपरवर ते कधी उतरलं नाही.

पुरुषांचं सगळं सुरळीत होतं असंही नाही. त्याच बाकावर एक बँकेतले गृहस्थ असत, याच आजारासाठी सल्फासालाझिनच्या गोळ्यांवर. मूल होईना, म्हणून बायकोच्या झाडून सगळ्या तपासण्या झाल्या, नवससायास झाले, सासूने नको नको ते ऐकवलं. या गोळीने शुक्रजंतू घटतात आणि ती थांबवली की दोन-तीन महिन्यांत बहुधा पूर्ववत होतात, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. पुरुषाने असलं विचारायचं नसतं ना! पुढे गोळी बदलली आणि पाळणा हलला. सासूने शब्द मागे घेतल्याचं मात्र ऐकिवात नाही.

या आजारात आतड्याच्या कॅन्सरचा धोका पुरुषांना बायकांपेक्षा अधिक. तरी कोलोनोस्कोपीची तारीख टाळण्यात आमच्या बाकावरचे बुवाच पटाईत. त्यांना कुणी तक्रारखोर म्हणालं नाही, हे खरं.

या दुखण्यात घराबाहेर स्वच्छतागृह जवळ असावंच लागतं. म्हणून डिसेंबर 2015 मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छतागृहं उभारायला सांगितलं, तेव्हा मी घरात पेढे वाटले होते. आमच्या बसथांब्यामागे ते उभंही राहिलं. दाराला कुलूप असतं आणि किल्ली पुरुषांच्या बाजूला बसलेल्या माणसाकडे. पोटात कळ आलेली असताना तो चार माणसांत विचारतो, ‘एक नंबर की दोन?’ दोनचे पैसे जास्त, आणि सुट्टेच लागतात.