ध्येयनिश्चिती आणि वरणगावची रूढ वाट

भुसावळ तालुक्यातील वरणगाव येथे १९६४ पासून आयुध निर्माणी, म्हणजे सैन्यासाठी दारूगोळा तयार करणारा सरकारी कारखाना, असल्यामुळे आयटीआय, शिकाऊ उमेदवारी आणि मग कायम नोकरी ही परिसरातील तरुणांपुढची ठळक वाट राहिली. परंतु विद्यावेतन घेत कारखान्यात हुन्नर शिकण्याचा, १९६१ च्या कायद्याने बांधलेला हा उमेदवारीचा काळ नोकरीची हमी देत नाही, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन हा कारखाना म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे गेल्याने जुनी गृहीतके पुन्हा तपासणे भागच आहे.

एडविन लॉक आणि गॅरी लेथम या मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनानुसार ‘जमेल तितके करू’ या संकल्पापेक्षा नेमके व काहीसे कठीण ध्येय अधिक फळ देते, मात्र काम नवे व गुंतागुंतीचे असेल तेव्हा फळाऐवजी शिकण्याचे ध्येय ठेवणे हिताचे ठरते. ‘कारखान्यात लागायचे’ हे ध्येय नव्हेच, कारण भरती उमेदवाराच्या हाती नसते. ‘वर्षभरात यंत्राचे आरेखन वाचता आले पाहिजे’ हे मात्र त्याच्या हाती असते, आणि ते कौशल्य वरणगावाबाहेरही चालते. पालकांनी मुलांना आधी हा फरक समजावून द्यावा.