स्थलांतरित मुलांचा वर्ग कसा ठरवावा?

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका सह्याद्रीच्या दाट रानात वसला आहे. चन्नबसवेश्वरांच्या समाधिस्थानामुळे सर्वदूर परिचित असलेले उळवी हे गाव याच तालुक्यात आहे. तालुक्याच्या पश्चिमेस गोवा व उत्तरेस बेळगाव जिल्हा असल्याने येथील अनेक घरांत कोकणी किंवा मराठी, शाळेत कन्नड आणि बाजारात तिन्ही भाषा असा व्यवहार चालतो. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. राज्य पुनर्रचनेनंतर तो तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. राज्याची सीमा बदलली, परंतु घरातील बोली बदलली नाही.

या भागास स्थलांतर नवे नाही. काळी नदीवर सुपा येथे धरण बांधले गेले, तेव्हा जुने सुपा गाव जलाशयाखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयडा येथे आले आणि अनेक कुटुंबांचे रामनगर येथे पुनर्वसन झाले. आजही रोजगारासाठी कुटुंबे गोव्यात, बेळगावकडे अथवा महाराष्ट्रात जातात. मोठ्यांच्या सामानाबरोबर मुलांचे शिक्षणही गाव सोडते. नव्या शाळेच्या दारात पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की या मुलास कोणत्या इयत्तेत बसवावे? या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर मुलाचे एक-दोन वर्षांचे नुकसान होते आणि पुष्कळदा त्याची शाळाच सुटते. म्हणून पालक, शिक्षक व अधिकारी या तिघांनीही याविषयीचे नियम व त्यामागील कारणे समजून घेणे आवश्यक आहे.

वय हा मुख्य आधार

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलास तो लागू होतो. जे मूल कधी शाळेत गेले नाही किंवा ज्याचे शिक्षण मध्येच खंडित झाले, त्यास त्याच्या वयास अनुरूप अशा वर्गात प्रवेश द्यावा, असे या अधिनियमाचे कलम ४ सांगते. दहा वर्षांच्या मुलास वाचता येत नाही म्हणून पहिलीत बसवणे या कलमाशी विसंगत आहे. वर्गातील इतर मुलांच्या बरोबरीस येण्यासाठी अशा मुलास विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. चौदा वर्षे पूर्ण झाली, तरी प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत ते मोफतच राहते.

या नियमामागे अनुभवाचा आधार आहे. सहा वर्षांच्या मुलांमध्ये बसवलेल्या दहा वर्षांच्या मुलीस पाठ सोपा वाटेल. परंतु तिला बरोबरीच्या मैत्रिणी मिळणार नाहीत. ती सातवीत पोहोचेपर्यंत तिचे वय सोळा होईल. त्या वयात घरकाम, मजुरी व लग्न या तिन्ही गोष्टी तिला शाळेबाहेर ओढू लागतात. खालच्या वर्गात बसवणे ही वरवर दया वाटते. प्रत्यक्षात ती शाळा सोडण्याची पूर्वतयारी ठरते.

जे मूल नियमित शिकत होते व केवळ गाव बदलल्यामुळे शाळा बदलत आहे, त्याची स्थिती याहून सोपी आहे. त्याने जी इयत्ता पूर्ण केली, तिच्या पुढील इयत्तेत, अथवा वर्षाच्या मध्यास आले असल्यास त्याच इयत्तेत, त्याचे शिक्षण पुढे चालू राहावे.

दाखला उशिरा आला तर

कलम ५ अन्वये मुलास राज्यांतर्गत अथवा राज्याबाहेर शाळा बदलण्याचा हक्क आहे. मात्र बदलून जावयाची शाळा विनाअनुदानित खाजगी शाळा असल्यास हे कलम तिला बांधील करीत नाही. मागणी होताच जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याचा दाखला तात्काळ द्यावयाचा आहे. विलंब केल्यास ते सेवानियमांनुसार शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतात. त्याचप्रमाणे, दाखला येण्यास उशीर झाला या कारणावरून नव्या शाळेस प्रवेश नाकारता अथवा लांबवता येत नाही.

वयाच्या पुराव्यासंबंधीही असाच नियम आहे. जन्मदाखला हा प्रथम पुरावा होय. तो नसल्यास रुग्णालयातील किंवा परिचारिकेच्या नोंदवहीतील नोंद, अंगणवाडीतील नोंद, अथवा पालकाचे वयासंबंधीचे प्रतिज्ञापन केंद्र शासनाच्या नमुना नियमांत ग्राह्य मानले आहे. पुरावा नाही म्हणून मुलास परत पाठवता येत नाही (कलम १४). प्रवेशाची मुदत संपली, या सबबीवरही नकार देता येत नाही (कलम १५). स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याची जबाबदारी कलम ९ ने स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे.

एकाच वयाची मुले वेगळ्या इयत्तांत का असतात?

एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आलेले मूल समवयस्कांपेक्षा एक इयत्ता मागे किंवा पुढे दिसते, तेव्हा ते मंद अथवा विशेष हुशार आहे असा तर्क केला जातो. बहुधा त्याचे कारण पहिलीच्या प्रवेशाची वयोमर्यादा हे असते. महाराष्ट्रात त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलास जूनमध्ये पहिलीत प्रवेश मिळतो. कर्नाटकात १ जून रोजी सहा वर्षे पूर्ण असावीत असे धोरण २०२२ मध्ये ठरले; त्यात पुढे सवलतही दिली गेली. म्हणजे ऑक्टोबर महिन्यात जन्मलेले मूल महाराष्ट्रात ज्या वर्षी पहिलीत बसेल, त्याच्या पुढच्या वर्षी ते कर्नाटकात बसेल. हा फरक दिनदर्शिकेचा आहे, बुद्धीचा नाही. वयोमर्यादा पहिलीच्या प्रवेशासाठी असते. तिसरी पूर्ण करून आलेल्या मुलास ती नव्याने लावून मागे खेचू नये.

शाळांची रचनाही भिन्न आहे. कर्नाटकात पहिली ते पाचवी हा प्राथमिकचा खालचा टप्पा मानला जातो, तर गोव्यात प्राथमिक शाळा परंपरेने चौथीपर्यंत असते. गोव्यात चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी माध्यमात शिकलेल्या मुलांना पाचवीपासून बहुतेक ठिकाणी इंग्रजी माध्यमास तोंड द्यावे लागते. म्हणून चौथी व पाचवीच्या उंबरठ्यावर गोव्यास जाणाऱ्या कुटुंबाने माध्यमाची चौकशी आधी करणे हिताचे ठरते.

भाषा येत नाही म्हणजे विषय येत नाही असे नव्हे

वर्ग ठरवताना सर्वांत अधिक चूक होते ती येथे. उळवी परिसरातील कन्नड शाळेत चौथी झालेली मुलगी मराठी शाळेत आली, असे समजा. तिला मराठीचे पुस्तक वाचता येत नाही. म्हणून तिला दुसरीत बसवावे काय? ती भागाकार करू शकते, कन्नडमधील उतारा वाचून त्याचा अर्थ सांगू शकते आणि घरी कोकणी अथवा मराठी बोलते. तिच्याकडे उणी आहे ती फक्त लिपी.

लिपीचे हे अंतर वाटते तेवढे मोठे नाही. कन्नड व मराठी या दोन्ही वर्णमालांचा क्रम मूलतः एकच आहे. दोहोंत बाराखडी आहे, ‘ळ’ आहे. कन्नडमध्ये ‘ए’ व ‘ओ’ यांची ऱ्हस्व व दीर्घ अशी दोन रूपे आहेत. मराठीत तसा भेद लिहीत नाहीत. ज्या मुलास एक वर्णमाला पक्की येते, त्यास दुसरी शिकवताना शिक्षकास ध्वनी नव्याने शिकवावे लागत नाहीत, केवळ चिन्हे शिकवावी लागतात.

अंकांच्या बाबतीतही सावधगिरी हवी. कन्नड शाळेतील मुलास इंग्रजी अंकांची सवय असते. मराठी पाठ्यपुस्तकातील देवनागरी अंक त्यास अपरिचित असतात. शिवाय कन्नडमध्ये पंचवीस ही संख्या ‘वीस-पाच’ या क्रमाने उच्चारली जाते, तर मराठीत पाच आधी व वीस नंतर येतात. घरी कन्नड बोलणारे मूल ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहील, तर ती गणिताची चूक नसून भाषेची आहे. अशा मुलास फळ्यावर उदाहरण लिहून द्यावे. त्याचे गणित किती पक्के आहे ते लगेच दिसून येते.

ही पाहणी प्रवेशानंतर, शिकवण्याच्या सोयीसाठी करावी. प्रवेशापूर्वी मुलाची अथवा पालकांची चाचणी घेऊन निवड करण्यास कलम १३ ने मनाई केली आहे.

विशेष प्रशिक्षण

नमुना नियमांनुसार विशेष प्रशिक्षण किमान तीन महिन्यांचे असावे व गरजेनुसार दोन वर्षांपर्यंत वाढवता यावे. ते शाळेच्या आवारात किंवा सुरक्षित निवासी ठिकाणी, शाळेतील अथवा खास नेमलेल्या शिक्षकांनी द्यावयाचे असते. मुलाचे नाव मात्र वयानुरूप वर्गाच्या हजेरीपटावरच राहते. चित्रकला, खेळ, गाणी व गणित या तासांना मुलास आपल्या वर्गातच बसू द्यावे आणि भाषेच्या तासाला स्वतंत्र पाठ द्यावा, ही रीत लहान शाळेतही जमण्यासारखी आहे.

२०१९ च्या सुधारणेनुसार पाचवी व आठवीच्या अखेरीस परीक्षा घेऊन, अनुत्तीर्ण मुलास फेरपरीक्षेची संधी दिल्यानंतर, त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली आहे. त्यामुळे या इयत्तांत आलेल्या स्थलांतरित मुलांची भाषेची तयारी वर्षाच्या प्रारंभापासून करून घेणे आता अधिक निकडीचे झाले आहे. नववी व दहावीस हा अधिनियम लागू नाही. तेथे संबंधित मंडळाचे नियम चालतात. त्यामुळे शक्य असल्यास आठवीनंतर किंवा दहावीनंतर स्थलांतर करावे.

परदेशी जाणाऱ्या कुटुंबांसही हेच तत्त्व उपयोगी पडते. इंग्लंडमध्ये १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या काळात जन्मलेल्या मुलांचा एक वर्षगट मानतात व पाचवे वर्ष पूर्ण झाल्यानंतरच्या सप्टेंबरात पहिले वर्ष सुरू होते. आपल्याकडे पहिलीत असलेले सहा वर्षांचे मूल तेथे दुसऱ्या वर्षात बसते. त्याने इयत्ता गाळली असे त्यावरून समजू नये.

पालकांनी सोबत काय न्यावे?

गाव सोडण्यापूर्वी शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, मागील वर्षाचे प्रगतिपुस्तक व शाळेच्या संगणकीय नोंदीतील मुलाचा क्रमांक घ्यावा. दुसऱ्या राज्यात जावयाचे असल्यास दाखल्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी बहुधा मागितली जाते. ती आधीच घेतल्यास खेप वाचते. मुलाच्या दोन-तीन वह्या जवळ ठेवाव्यात. भाषा न जाणणाऱ्या शिक्षकासही वहीतील गणिते वाचता येतात. जुन्या शिक्षकांनी मुलास काय येते याविषयी चार ओळी लिहून दिल्यास नव्या शिक्षकाचे काम हलके होते.

कागदपत्रे नसली तरी मुलास घरी बसवू नये. प्रवेश आधी घ्यावा, कागद मागाहून आणावेत. प्रवेश नाकारला गेल्यास गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा व त्याची पोच घ्यावी. शिक्षकांनी मुलास पहिल्या दिवशी काय येत नाही हे विचारण्याऐवजी काय येते ते विचारावे. त्याची योग्य इयत्ता त्या उत्तरातून आणि त्याच्या वयातून निश्चित होते.