भीमगडात काय पाहावे?

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, गोव्याच्या सरहद्दीला लागून, सुमारे १९० चौरस किलोमीटरचे भीमगड अभयारण्य आहे. २०११ च्या डिसेंबरात त्याला हा दर्जा मिळाला. येथे वाघ, बिबट्या, अस्वल, गवा असे सगळे आहेत. तरीही जीपमधून प्राणी पाहायला आलेला माणूस बहुधा निराश होऊन परततो. त्याच्या मनातले चित्र पूर्व आफ्रिकेचे असते. टांझानियातल्या सेरेंगेटीत गवताळ सपाटीवर नजर अडत नाही, लाखो विल्डबीस्ट उघड्यावर चरतात. भीमगड मात्र सह्याद्रीच्या माथ्यावरचे सदाहरित, निमसदाहरित रान. हाकेच्या अंतरावरचा गवाही झाडोऱ्यात दिसत नाही. किती प्राणी दिसले यावरून या जंगलाची किंमत करणे म्हणूनच मला मुळात चुकीचे वाटते. त्याची खरी किंमत पाण्यात आणि गुहांत आहे. म्हादई इथल्याच देगाव परिसरात उगम पावते आणि पुढे गोव्यात मांडवी होते. मलप्रभाही फार दूर नाही, कणकुंबीला उगम पावते. म्हादईच्या ज्या पाण्यावरून तीन राज्ये लवादापर्यंत गेली, ते या रानाच्या मातीत मुरते. आणि इथल्याच बारापेडेच्या गुहांत राऊटनचे वटवाघूळ राहते. १९१३ मध्ये विज्ञानाने नोंदवलेली ही जात कित्येक दशके जगात फक्त येथेच माहीत होती. मेघालय आणि कंबोडियातल्या नोंदी पुष्कळ नंतरच्या.

वटवाघळांसाठी पर्यटक येणार नाहीत आणि पर्यटक नसतील तर रानातल्या मराठी गावांना काय मिळणार, हा आक्षेप खरा आहे. आमगाव, गवळीसारख्या गावांतून पावसाळ्यात रुग्णाला खांद्यावरून बाहेर काढावे लागते. पण दवाखान्याची सोय हा गावकऱ्यांचा हक्क आहे. ती सफारीच्या गर्दीवर अवलंबून का असावी? शिवाय मोठ्या रिसॉर्टचा पैसा बहुतेक बाहेरच जातो. हेम्माडगा या गावाच्या बाजूने लहान गट, पायी, गावातलाच वाटाड्या घेऊन गेले तर धनेश, शेकरू, ओढ्याकाठचे बेडूक दिसतात आणि मजुरी गावात राहते. लोकांनी पाहिल्याशिवाय त्यांना आस्था कशी वाटेल, असेही विचारले जाते. गुहांबाबत हे लागू पडत नाही. माणसांच्या वावराने आणि दिव्यांच्या झोताने बिथरलेली वसाहत जागा सोडून जाऊ शकते. बारापेडेची माहिती हेम्माडग्यालाच चित्रांतून द्यावी आणि गुहांची वाट पर्यटकांसाठी बंदच ठेवावी.